गुरुसिद्ध गवळ्यानं ठरावातनं नाव काढलं त्याची गोष्ट

पंचगंगेवरनं उठलेलं धुकं गंगावेशीत असं येऊन बसलं होतं, की म्हशीचं तोंड एका दुकानापुढं दिसायचं, शेपूट दुसऱ्या दुकानापुढं, आणि मधली म्हस कुठं गेली ते विचारायची सोय नव्हती. शहाऐंशी सालचा डिसेंबर. गुऱ्हाळं पेटलेली, त्यामुळं धुक्यालासुद्धा काकवीचा वास. गुरुसिद्ध गवळी पाचाच्या ठोक्याला तीन म्हशी हाकत कट्ट्यावर आला, खुंट्यांना दावी अडकवली, कोमट पाण्यानं कासा धुतल्या आणि दोन्ही गुडघ्यांत चरवी धरून बसला.

धुक्यातनं एकेक पैलवान उगवायला लागला. कोल्हापुरात दूध प्यायचं तर माणूस म्हशीपाशी येतो. गवळ्यानं डोळ्यांदेखत धार काढायची, चरवीत फेस वर चढला की म्हशीच्या अंगाच्या ऊबेसकट पेला गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. ज्याचा त्याचा गवळी ठरलेला. बाप ज्या कट्ट्यावर प्याला तिथंच पोरगा पिणार. कुणी गवळी बदलला तर तालीम बदलल्यागत चार दिवस चर्चा होते, आणि भांडण कशावरनं झालं ते सगळ्या पेठेला कळल्याशिवाय ती चर्चा थांबत नाही.

"अण्णा, धार बारीक पडत्या आज," एक पैलवान म्हणाला.

"थंडी हाय. तुझीबी बारीकच पडत असंल. पेला धर."

गुरुसिद्ध पन्नाशीला आलेला. तारुण्यात लाल मातीत मोडून घेतलेला एक कान, त्या कानावर बांधलेला मफलर, आणि मफलरालाही न आवरणारं तोंड. धार आणि गोष्ट त्याची एकाच तालावर चालायची. हात थांबला तर तोंड थांबायचं, आणि तोंड थांबलं तर म्हस मागं वळून बघायची.

तेवढ्यात गणपतराव आला. हा तालमीचा अध्यक्ष आणि आमदारांचा उजवा हात. डावा हात कोण हे आमदारांनाही सांगता आलं नसतं.

"गुरू, ऊठ. तुझं नाव इधानसभेत निघालंय."

"कुणी तक्रार केली?" गुरुसिद्धनं धार न थांबवता विचारलं. "पाणी घालतो म्हणून असंल तर त्यो ईरप्पा. मी न्हवं."

"तक्रार न्हवं लेका, ठराव. अभिनंदनाचा." गणपतरावनं कोटाच्या खिशातनं घडी घातलेला कागद काढला. "तिकडं उत्तरेत अतिरेक्यांनी बाँब फोडलं. तिथं जे जवान गेले, पोलीस, बंबवाले गेले, साधी माणसं मदतीला धावली, त्यांचा गौरव करायचाय. नागपूरच्या अधिवेशनात. परत्येक आमदारानं एक नाव द्यायचं. सायबांनी तुझं दिलंय."

"एकच?"

"एकच. दोन-दोन दिली तर यादी वाचता वाचताच अधिवेशन संपंल. मग उसाच्या दराचं कवा बोलायचं? सुक्कीरवारी सायेब नागपूरला निघणार. त्याच्या आदी बेस्तरवारी दुपारी तालमीत सत्कार. ह्यावर सही ठोक."

पैलवानांनी एकच गलका केला. कुणी गुरुसिद्धच्या पाठीवर अशी थाप मारली की चरवी हिंदकळली. गुरुसिद्धची छाती फुगली, फुगू नये म्हणून त्यानं केलेली धडपडही फुकट गेली. सही करायला तो उठला आणि त्याची नजर रस्त्यापलीकडं गेली.

पलीकडं त्याच्या चुलतभावाचा, ईरप्पाचा कट्टा. तिथं महंमद शिकलगार दूध पीत उभा होता. पेला त्यानं दोन्ही मनगटांच्या मध्ये दाबून धरला होता, कारण त्याचे तळवे नीट मिटत नव्हते. तो इकडं बघत नव्हता. इतकं मन लावून बघत नव्हता, की त्याला सगळं ऐकू गेलंय हे आंधळ्यालाही कळावं.

"दूध पडतंय, कागद ठेव," गुरुसिद्ध गणपतरावला म्हणाला. "सांजच्याला बघू."

ह्या नावाची मूळ भानगड दीड वर्षापूर्वीची. महंमद एका शेठच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. शिवाजी पेठेतलाच, गुरुसिद्धच्या वयाचा, एकाच तालमीत दोघांनी अंगाला माती लावलेली. महंमद गूळ घेऊन पार पंजाबपर्यंत जायचा होता, आणि गुरुसिद्धला तिकडची मुऱ्हा म्हस हवी होती. जाताना ढेपा, येताना म्हस, असं ठरवून दोघं गेले. गूळ उतरला, म्हस मिळाली. परतीच्या वाटेवर एका गावच्या मोटार अड्ड्यावर चहाला थांबले. त्या गावाचं नाव गुरुसिद्धला कधी धड सांगता आलं नाही, दर खेपेला नवीन सांगायचा. तिथं उभ्या बसमध्ये बाँब फुटला.

महंमद त्या गावच्या मिलिटरी दवाखान्यात दीड महिना पडून राहिला. गुरुसिद्ध दुसऱ्या ट्रकातनं म्हस घेऊन आठ दिवसांत कोल्हापुरात आला. पहिल्याच सकाळी कट्ट्यावर पैलवानांनी विचारलं, "अण्णा, तू काय केलंस मग?" आता कट्ट्याची एक रीत आहे. गोष्ट सांगणाऱ्यानं गोष्टीत कडेला उभं राहायचं नसतं. कडेला उभ्या राहिलेल्या माणसाची गोष्ट ऐकायला कोण गार वाऱ्यात उभं राहील? गुरुसिद्धनं धार काढत काढत सांगितलं, की त्यानं बसची खिडकी उचकटली आणि माणसं बाहेर ओढली. पहिल्या गिऱ्हाइकाला तीन माणसं वाचवली होती. उजाडेपर्यंत ती सात झाली. भाजीवाल्या बाया तांबे घेऊन आल्या तेव्हा अकरा.

त्यात दूध प्यायला इथल्याच एका पेपरचा बातमीदार आलेला. दुसऱ्या दिवशी ती अकरा माणसं छापून आली, वर गुरुसिद्धचा आणि म्हशीचा फोटो. फोटोत म्हस जास्त बरी दिसत होती. मग आमदार घरी येऊन गेले, शाळेत बोलावून नारळ दिला, आणि महंमद हाताला पट्ट्या बांधून गावात परतला तोवर गोष्ट सिमेंटसारखी घट्ट बसली होती.

खरं काय झालं ते दोघांनाच माहीत होतं. बाँब फुटला तशी म्हस दावं तोडून ट्रकातनं उडी मारून पळाली. गुरुसिद्ध दाव्याला धरून तिच्यामागं. ती थेट गावच्या तळ्यात शिरली आणि तिच्याबरोबर हाही. पेटलेल्या बसपाशी गेला तो महंमद. खिडक्यांच्या तापल्या लोखंडाला हात घालून माणसं त्यानं काढली, ट्रकात घातली, आणि जवानांच्या जोडीनं दवाखान्याच्या तीन खेपा त्यानं केल्या. तिसऱ्या खेपेला गुरुसिद्ध पोचला आणि एका म्हाताऱ्या सरदारजीचं डोकं त्यानं मांडीवर धरलं. तेवढं मात्र खरं होतं. सगळ्या गोष्टीत तेवढंच.

महंमद आल्या आल्या कट्ट्यावर आला नाही. गुरुसिद्धची महिनाभर वाट बघून एक दिवस आला तो समोरच्या, ईरप्पाच्या कट्ट्यावर. पेठेनं कारण विचारलं. दोघांनीही सांगितलं नाही. हे पेठेला फार लागलं.

सांजच्याला घरी दानम्मा कडबा तोडत होती. तिला गुरुसिद्धनं सगळं सांगितलं, तालीम, फेटा, विधानसभा.

"व्हय का," ती म्हणाली. "मग इधानसभेत काय सांगनार? तळ्यात किती खोल उभं व्हता ते?"

गुरुसिद्ध चपापला. "तुला कोण म्हणलं तळं?"

"धोतार मी धुतलंय ते. बसला आग लागली म्हंता, आनी धोतराला धुराचा वास न्हाई, शेवाळाचा व्हता. दीड वर्स झालं, मी बोलले न्हाई. म्हटलं नवरा मानूस हाय, चार लोकांत मिरवतोय, मिरवू दे." तिनं कडब्याची पेंढी पुढं सरकवली. "पन री, त्या म्हंमदभावजीच्या घरी चूल पेटती का न्हाई ते तरी बगून या एकदा."

दानम्मा चिकोडीकडची. राग आला की ती नवऱ्याला कानडीतलं 'री' लावायची, आणि ते लावलं की गुरुसिद्ध चप्पल शोधायला लागायचा.

महंमद ओट्यावर बसला होता. त्याची बायको रोशनबी दारात वाकळ शिवत होती.

"या, वीर," महंमद म्हणाला.

"टिंगल नगं करूस."

"टिंगल कुठली? पेपरात आलंय, मी वाचलंय. अकरा माणसं. मला तर नऊच आठवतात. वरची दोन कुठनं आणलीस?"

गुरुसिद्ध ओट्याच्या कडेला टेकला. बोलायला काहीतरी हवं म्हणून त्यानं विचारलं, "ईरप्पाचं दूध कसं हाय?"

"पातळ हाय. पण गोष्टी न्हाय सांगत त्यो."

रोशनबीनं उठून चहा आणला. "घ्या भावजी. कप धरा. तुमचे हात धड हायत."

गुरुसिद्धनं कप दोन्ही हातांनी धरला. मग महंमदनंच सांगितलं, रागानं नाही, पाऊस कुठं किती पडला ते सांगावं तसं. शेठनं त्याला कामावरनं काढलं होतं. आगीत ट्रकची एक फळी जळाली ती कुणाच्या तरी माथी मारायला हवी होती. म्हणून शेठ जाईल तिथं सांगायचा, की महंमद दारू पिऊन धाब्यावरच्या शेगडीत पडला आणि हात भाजून घेतले. महंमदनं उभ्या जन्मात उसाच्या रसापलीकडं काही घेतलं नव्हतं.

"आता एका साखर कारखान्यात टँकरवर ड्रायव्हर पायजे. स्टेअरिंग मला धरता येतंय, जाड असतंय, बसतं मुठीत. मॅनेजर म्हणला, गाडी चालीवतोस चांगली, पण शेठ म्हणतोय तू दारुडा. दवाखान्याचं कार्ड दावलं. त्यात हात भाजलं एवढंच लिवलंय, कशानं ते न्हाय. म्हणला, कुणी बघितलंय का? काय तरी सरकारी कागद हाय का?"

"मग?"

"मग काय? बघणारा एकच हुता. त्योच पेपरात हाय."

रोशनबीनं सुई दातांत धरली होती ती काढली. "लोक आमच्या तोंडावर विचारतात भावजी. गुरुअण्णा तिथं माणसं काढत हुता, तवा तुजा नवरा कुठं पडला हुता? मी काय सांगू? तुमीच सांगा, मी तेच सांगीन."

गुरुसिद्ध कप ठेवून उठला. तो गेला तो थेट तालमीत, गणपतरावकडं. तिथं पाटी रंगवायचं काम चाललं होतं. चौकात लावायची मोठी पाटी, निळ्यावर पांढरं, 'विधानसभेत गौरव झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. ठराव अजून मांडलासुद्धा नव्हता. पण कोल्हापुरात पाटी आधी लागते, कारण मागाहून लागलेली पाटी दुसऱ्या पेठेनं आधी लावली असं निघालं तर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

"दुसरं एक नाव घालता येतंय का?" गुरुसिद्धनं विचारलं.

"कुणाचं?"

"म्हंमदचं."

"त्येनं काय केलं?"

गुरुसिद्ध पाटीवरच्या आपल्या नावाकडं बघत राहिला. पेंटरनं नावाला सोनेरी सावली दिली होती. दिसत होतं झकास. "हुता त्यो तिथं," एवढंच त्याच्या तोंडातनं निघालं.

"हुता म्हणून नाव घालायचं तर म्हशीचंबी घालावं लागंल," गणपतराव म्हणाला. "एकच नाव, गुरू. त्येचं घालायचं तर तुझं काढावं लागंल. आणि काढायचं तर कारण सांगावं लागंल. हाय का कारण?"

"बघतो," गुरुसिद्ध म्हणाला आणि घरी आला. तीन दिवस त्यानं बघितलं. त्या तीन दिवसांत कट्ट्यावर त्यानं गोष्ट सांगितली नाही. हात चालायचा आणि तोंड बंद, त्यामुळं म्हशी सारख्या मागं वळून बघायच्या. पैलवान म्हणाले, अण्णा आत्तापासनंच मोठा माणूस झाला.

गुरुवार आला. तालमीच्या अंगणात सतरंज्या पडल्या, कर्णा बांधला, हलगीवाले दुपारी तीनला येऊन तापवायला बसले. आमदार चारला येणार होते, ते साडेपाचला आले, म्हणजे वेळेवर. त्यांनी भाषण केलं. सुरुवात देशापासनं केली, तिथनं सीमेवर गेले, सीमेवरनं उसावर आले, आणि शेवटी सत्कारमूर्तीचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा पाटीकडं बघून नाव घेतलं. गुरुसिद्धला केशरी फेटा बांधला. मोडका कान फेट्यात बसेना, तो बाहेरच राहिला.

महंमद भिंतीला टेकून उभा होता. तालीम त्याचीही होती. आला नसता तर लोक रुसला म्हणाले असते, म्हणून आला होता.

"बोल दोन शब्द," गणपतरावनं माईक पुढं केला. "दोनच."

गुरुसिद्ध माईकपुढं उभा राहिला. मंडळी सावरून बसली. गोष्ट सगळ्यांना पाठ होती. खिडकी कुठं उचकटते तिथं टाळी वाजवायची हेही ठरलेलं होतं.

"बाँब फुटला," गुरुसिद्ध म्हणाला. "मोठा आवाज झाला. आणि म्हस पळाली."

हे नवीन होतं. पुढच्या रांगेतल्यांनी एकमेकांकडं बघितलं.

"म्हस पळाली, मी तिच्या मागं. तिनं मला भाजीमंडईतनं वढत नेलं. वांगी, कोबी, काय काय आंगावर पडलं. मग ती तळ्यात शिरली. मीबी शिरलो. ती बसली, मी उभा ऱ्हायलो. हितवर पाणी." त्यानं हात गळ्याला लावला.

"अण्णा, म्हस बसली, मग तू का उभा?" मागनं कुणीतरी विचारलं.

"बसलो असतो तर बुडलो असतो, खुळ्या."

हशा उसळला. आमदारही हसले, मग हसावं की नको हे न कळून थांबले. गुरुसिद्ध मात्र हसला नाही.

"आता ऐका. दावं सोडून मला येता आलं असतं. म्हस पवणारं जनावर, ती काय मरत न्हवती. तळ्यातनं बस दिसत हुती. माणसं वरडत हुती, ती ऐकू येत हुती. पर माझं पाय येईनात. मी म्हशीच्या आड तोंड घातलं आणि तसाच ऱ्हायलो. भ्यालो हुतो." त्यानं भिंतीकडं हात केला. "बसपाशी गेला त्यो ह्यो, म्हंमद. खिडकी त्येनं उचकटली. तापल्या लोखंडाला हात लावलं त्येनं. तीन खेपा गाडी त्येनं हाणली, भाजल्या हातानं. शेठ म्हणतोय दारू पिऊन शेगडीत पडला. शेठ हुता का तिथं? मी हुतो. तळ्यात हुतो, पर हुतो. मी सांगतोय."

कुणी टाळी वाजवली नाही. हलगीवाल्याची काडी हलगीवरच राहिली.

"ह्याला बसवा," आमदार हळूच गणपतरावला म्हणाले. माईक चालूच होता, सगळ्या अंगणाला ऐकू गेलं.

"बसतो की सायेब," गुरुसिद्ध म्हणाला. "त्येच्याआदी त्यो कागद काढा. एकच नाव चालतंय म्हंता न्हवं? मग माझं खोडा. त्येचं लिवा."

"अहो, असं कसं खोडता येईल? यादी टाइप झालीय."

"टाइपवर पेन चालत न्हाय व्हय?"

आमदारांनी अंगणाकडं बघितलं. माणूस निवडणुका काही उगाच जिंकलेला नव्हता. अंगणाचा कल कुठं झुकलाय हे त्यांना वाऱ्यावरनं कळायचं. त्यांनी माईक ओढून घेतला. "ह्याला म्हणतात खरेपणा," ते म्हणाले. "मला पहिल्यापासून शंका होतीच." मग खिशातनं पेन काढलं, कागद गणपतरावच्या पाठीवर ठेवला, एक नाव खोडलं आणि विचारलं, "पूर्ण नाव काय म्हणालात?"

"महंमद इमाम शिकलगार," भिंतीपासनं आवाज आला. आवाज महंमदचा नव्हता. भिंतीलगतच्या बायकांच्या रांगेतनं रोशनबी उभी राहिली होती.

महंमदला धरून पुढं आणलं. फेटा एकच होता. गणपतरावनं गुरुसिद्धच्या डोक्यावरचा उतरवून महंमदच्या डोक्याला बांधायला घेतला.

"घामट हाय ह्यो," महंमद म्हणाला.

"बांधून घे गप," गुरुसिद्ध म्हणाला. "तुझ्या डोक्याला कवा वास आलाय?"

एवढंच दोघं बोलले. महंमद फेट्यासकट घरी गेला, गुरुसिद्ध उघड्या डोक्यानं.

नागपुरात काय झालं ते गणपतरावनं परत आल्यावर सांगितलं. तो गॅलरीत बसून सगळं बघून आला होता. ठराव मंगळवारी कार्यक्रमपत्रिकेवर होता. त्या दिवशी उसावरनं आरडाओरडा झाला आणि कामकाज तहकूब. बुधवारी ठराव निघाला, तेव्हा एकानं हरकतीचा मुद्दा काढला, की आधी जवान लिहायचे का आधी पोलीस. दुसरा म्हणाला, बंबवाले शेवटी का? तिसऱ्यानं आपलंच नाव घाला म्हणून सुचवलं, कारण बातमी कळल्या कळल्या त्यानं दिल्लीला ट्रंककॉल लावला होता आणि तो चार तास लागला नव्हता. अर्धे सभात्याग करून बाहेर गेले. बाहेर थंडी होती, म्हणून परत आले. शुक्रवारी, शेवटच्या दिवशी, निम्म्यांच्या पायाशी संत्र्यांच्या करंड्या बांधून तयार असताना ठराव चार मिनिटांत मंजूर झाला. एकमतानं, कारण विरोध करायला कुणी ऐकत नव्हतं. नावांची यादी परिशिष्टात होती, ती वाचली असं समजण्यात आलं.

"मग मेलेल्यांसाठी मिनिटभर उभं ऱ्हायलं समदं," गणपतराव म्हणाला. "त्या मिनटाला मात्र कोण खोकलं न्हाय. खरं सांगतो."

ठरावाची प्रत जानेवारी सरता सरता आली. परिशिष्टात बासष्टावं नाव, 'श्री. महंमद इमाम शिकलगार, वाहनचालक, कोल्हापूर'. आमदारांनी ती पाठवली नव्हती, विसरले होते. गणपतरावनंच मागं लागून मिळवली. रोशनबीनं ती काचेत घालून घेतली, आणि मॅनेजरला दाखवायला महंमद ती काचेसकटच कारखान्यात घेऊन गेला. मॅनेजरनं दोनदा वाचली. शेठनं दोन दिवसांत सूर बदलला. म्हणायला लागला, माझाच ड्रायव्हर, माझ्याच गाडीवर केलं त्यानं हे सगळं.

गुरुसिद्धचं म्हणाल तर त्या बातमीदारानं तळ्याची गोष्टही छापली, पहिल्या बातमीपेक्षा मोठी. पेठेनं त्याचं नाव तळ्यातला गवळी ठेवलं. महिनाभर लोक ईरप्पाच्या कट्ट्यावर उभे राहून पलीकडं बघत हसत दूध प्याले, मग दूध पातळ लागायला लागलं तसे एकेक परत आले. गुरुसिद्धनं कुणाला अडवलं नाही, कुणाला बोलावलंही नाही. दानम्मानं मात्र त्या दिवसापासनं त्याला 'री' लावलं नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी महंमद आला. ईरप्पाच्या कट्ट्यावर तो थबकला, ईरप्पानं पेला पुढं केला, आणि महंमद मान हलवून रस्ता ओलांडून इकडं आला. पैलवानांनी सरकून जागा केली.

"हाय का दूध?" त्यानं विचारलं.

"म्हशी हायत म्हणजे दूध असंल," गुरुसिद्ध म्हणाला.

पेला भरला. महंमदनं तो दोन मनगटांत घेतला आणि वर धरून बघितला.

"निम्मा फेस हाय ह्यात."

"थांब की जरा. खाली बसू दे."

"सोमवारपासनं जातोय टँकरवर. मळीचा टँकर हाय."

"बरं झालं. संभाळून हाण."

"तुला कोण विचारलं?" महंमद म्हणाला आणि दूध प्याला. मिशीला लागलेला फेस मनगटानं पुसला. मग पेला उलटा करून कट्ट्यावर ठेवला. "गोष्ट सांगत न्हाईस आज?"

"कसली?"

"कसलीबी. मुकाट प्यायला ईरप्पा काय वाईट हुता?"

गुरुसिद्धनं आठवून बघितलं. सांगण्यासारखं काही सुचेना. तेवढ्यात म्हशींसाठी मागवलेली उसाच्या वाड्याची, हिरव्या शेंड्यांची गाडी कट्ट्याला लागली. गाडीवाला वरनंच म्हणाला, लवकर उतरवून घ्या, मागं एस्टी तटलीय. गुरुसिद्धनं चरवी मागं शेण भरत असलेल्या दानम्माच्या हातात दिली, धोतर वर खोचलं आणि वाड्याच्या पेंढ्या खाली ओढायला लागला.